वजन उतरवायचे तर विहारात जमूया

“आता या वयात कसले वजन कमी करायचे? नातवंडे सांभाळायचे दिवस आले!” पन्नाशी ओलांडलेल्या आपल्या माणसांच्या तोंडी हे नेहमीचे बोल. माझे म्हणणे नेमके उलट आहे. नातवंडे सांभाळायची आहेत म्हणूनच वजन उतरवायचे, आणि तेही एकट्याने नव्हे, गल्लीतल्या पाच-सहा जणांनी मिळून.

सातपूरच्या प्रबुद्धनगर, स्वारबाबानगर, कांबळेवाडीतली एक पिढी एमआयडीसीच्या पाळ्या करत संसाराला लागली. कोणी मशीनवर उभे राहिले, कोणी घमेली वाहिली. अंग आपोआप राबत होते. पन्नाशीनंतर काम सुटते, नाहीतर वॉचमनच्या खुर्चीवर येते. ताट मात्र तेवढेच राहते. घरातली बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तोही खाते. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या पिढीला अन्न टाकणे जिवावर येते. म्हणून पोट सुटलेल्या माणसाला आळशी, खादाड म्हणू नये. त्यामागे कष्टाचा आणि भुकेचा इतिहास आहे.

पण इतिहास समजला म्हणून गुडघे दुखायचे थांबत नाहीत आणि साखरही उतरत नाही. कंबर मोजायला शिंप्याची टेप पुरते. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की सावध व्हावे.

उशीर झाला असे मुळीच नाही. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्के उतरवायचे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालायचे, एवढेच उद्दिष्ट होते. या गटात मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. साठीपुढच्यांत तर ते ७१ टक्क्यांनी घटले. सत्तर किलोच्या माणसासाठी सात टक्के म्हणजे जेमतेम पाच किलो.

मग सोबत कशाला? संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत भगवंतांकडे येतो. भगवंत त्याला हिणवत नाहीत. जेवताना भान ठेवावे, प्रमाण ओळखावे, अशा अर्थाची गाथा सांगतात. राजा सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावतो आणि रोज आपल्या जेवणाच्या वेळी म्हणायला सांगतो. हळूहळू त्याचा भात कमी होतो, अंग हलके होते. राजालासुद्धा शेजारी आठवण देणारा माणूस लागला. आपल्याला लागला तर त्यात लाज कसली?

सोबत म्हणजे जादू नव्हे, हेही सांगायला हवे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या ६० वस्त्यांमध्ये असाच अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या वस्त्यांत तिथल्याच माणसांना गटप्रमुख केले होते. दोन वर्षांत मधुमेह ठळकपणे घटला नाही. पण फळे-भाज्या खाणे वाढले आणि दारू कमी झाली. हे बदलही मोलाचे आहेत.

आपल्याकडे गट नव्याने जमवायची गरज नाही. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात विहारात ग्रंथवाचनाला आपण जमतोच. त्याआधी अर्धा तास सगळ्यांनी मिळून चालावे. एकटी बाई रस्त्याने चालायला संकोचते, सहा जणी बिनधास्त चालतात. वर्गणीतून विहारात एक वजनकाटा ठेवावा. आठवड्यातून एकदाच वजन करावे. आकडा ज्याचा त्याच्या वहीत राहावा, चारचौघांत वाचू नये. वजन वाढले म्हणून कोणी टोमणा मारू नये. जो दोन दिवस आला नाही, त्याच्या दारात जाऊन हाक मारावी.

ताटात भात निम्मा करून नागलीची किंवा बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकी, अंडे घ्यावे. या वयात स्नायू झिजतात, म्हणून डाळ-अंडी तोडू नयेत. खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस करावी. चहाची साखर आणि भाजीवरची तर्री कमी करावी. मात्र हे घरातल्या सगळ्यांनी करावे. एकट्या आईसाठी वेगळे शिजत नाही, हे सुना-मुलांनी समजून घ्यावे.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये. छातीत दुखत असेल किंवा थोडे चालूनही दम लागत असेल, तर आधी तपासणी करावी. काही न करता वजन झपाट्याने उतरत असेल, तर आनंद मानू नये. क्षयरोग किंवा साखर असू शकते. तिशीपुढच्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ईएसआय कार्ड असेल तर सातपूरचे कामगार विमा रुग्णालय आहेच.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले, हे आपण जाणतो. त्या वेदनांतही त्यांनी काम सोडले नाही. आपल्याला तर फक्त अर्धा तास चालायचे आहे. हक्कासाठी आपण संघटित झालो, तसे आता आरोग्यासाठी होऊया.

जय भीम! नमो बुद्धाय!