गाडी मांगरात, नाव वारलेल्या काकांचं, इंजिन नंबर तिसराच: जुन्या गाडीची कागदपत्रं जुळवायची कशी?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वाड्यांमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर दिसणं नवीन नाही. मुंबईत नोकरी केलेल्या कुणीतरी घेतलेली गाडी निवृत्तीनंतर गावी आली, चार गणपती चालली आणि मग मांगरात उभी राहिली ती राहिलीच. आता अशा गाड्यांना गिऱ्हाईक येतं. पुण्या-मुंबईचा कुणी हौशी रील बघून फोन करतो, किंमत ठरते, टोकन दिलं जातं. मग आरसी बुक उघडलं की सगळं थांबतं. नाव वारलेल्या काकांचं असतं, कर्जाचा बोजा आज अस्तित्वातच नसलेल्या बँकेचा असतो आणि इंजिनवरचा नंबर पुस्तकातल्या नंबरशी जुळत नाही.

अशा वेळी 'एजंट बघून घेईल' हे उत्तर सगळ्यात आधी ऐकू येतं. काही बाबतीत ते खरंही असतं. पण कागद आणि गाडी यातली प्रत्येक तफावत सारखी नसते. एखादी अर्ध्या दिवसात सुटते, एखादीला घरातल्या सगळ्या वारसांच्या सह्या लागतात आणि एक अशी असते की ती दिसल्यावर गाडी घेऊच नये.

नव्या पाटीने जुनी गोष्ट उघडी पाडली

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या गाड्यांना 'एचएसआरपी', म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणं सक्तीचं झालं. ३१ मार्च २०२५ ही सुरुवातीची मुदत होती आणि ती नंतर अनेकदा वाढवली गेली. चारचाकीसाठी ७४५ रुपये आणि त्यावर जीएसटी असा दर ठरला. चर्चा झाली ती दरावर आणि लागलेल्या रांगांवर.

जुन्या गाड्यांचं घोडं मात्र दुसरीकडेच पेंड खात होतं. ऑनलाइन बुकिंग करताना गाडीच्या नंबरासोबत चेसिस आणि इंजिन नंबरची शेवटची पाच अक्षरं भरावी लागतात आणि ती सरकारच्या 'वाहन' या प्रणालीतल्या नोंदीशी जुळावी लागतात. आजचा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. एमएच-०८ सारख्या पाट्या आल्या त्याच सुमारास. त्याआधीच्या 'एम' अक्षराने सुरू होणाऱ्या तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची मूळ नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरमध्ये आहे. ती पुढे संगणकात चढवताना कुठे शून्याचा 'ओ' झाला, कुठे आठाचा तीन झाला, काही नोंदी चढल्याच नाहीत.

त्यातून एक चक्र तयार होतं. नवी पाटी नसलेल्या गाड्यांचं मालकी हस्तांतरण, पत्ता बदल, बोजा चढवणं-उतरवणं ही कामं थांबवायची, असं परिवहन विभागाचं धोरण आहे. म्हणजे पाटी नाही तर हस्तांतरण नाही, आणि नोंद जुळत नाही तर पाटी नाही. हे चक्र एकाच बाजूने सुटतं. ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे जुनं आरसी बुक दाखवून आधी नोंद दुरुस्त करून घ्यायची किंवा नसेल तर चढवून घ्यायची (आरटीओच्या भाषेत 'बॅकलॉग एंट्री'). मग पाटी, मग नाव. हा अर्ज नोंदणीकृत मालकाने किंवा त्याच्या वारसांनी करायचा असतो. बहुतेक व्यवहारांत नेमकं उलटं होतं. पैसे आधी जातात, गाडी ट्रकवर चढते आणि कागदांचं काम परक्या गावातल्या खरेदीदाराच्या गळ्यात पडतं.

मग मालक कोण, पैसे देणारा की पुस्तकात नाव असलेला?

याची दोन उत्तरं आहेत, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

गाडी ही कायद्याने 'माल' आहे. १९३० च्या माल विक्री कायद्यानुसार सौदा झाला, पैसे दिले, गाडी ताब्यात आली की दोघांपुरती विक्री पूर्ण होते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) नुसार गाडीचा मालक म्हणजे ज्याच्या नावावर ती नोंदलेली आहे तो. अपघात झाला तर दुसरं उत्तर चालतं.

'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी हेच स्पष्ट केलं. गाडी होती साधी मारुती ८००. नोंदणीकृत मालकाने ती २००७ मध्ये विकली. पुढे ती एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेली, पण पुस्तकातलं नाव कुणीच बदललं नाही. २००९ मध्ये अपघात झाला. उच्च न्यायालयाने मूळ मालकाला मोकळं करून भरपाई शेवटच्या खरेदीदारावर टाकली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. पुस्तकात ज्याचं नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईही त्याचीच. अपघातग्रस्तांनी विक्रीची साखळी शोधत फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

म्हणून विकणाऱ्याने फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी देऊन टाकणं ही सोय नाही, तो धोका आहे. ते फॉर्म तीन-चार हातांतून फिरतात आणि गाडी कुठल्यातरी घाटात धडकते तेव्हा समन्स रत्नागिरीच्या घरी येतं. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यात गेली तर विकणाऱ्याला ४५ दिवस मिळतात.

कोकणात जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांचं नाव राहिलं तर काय होतं, हे कुणाला सांगावं लागत नाही. गाडीचंही तसंच आहे. फेरफार होत नाही तोवर व्यवहार अर्धाच.

नाव, पत्ता, बँक

सगळ्यात जास्त अडकतात ती मयत मालकाची प्रकरणं. मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करायची, असा नियम आहे. प्रत्यक्षात मांगरातल्या गाडीसाठी हे कुणी करत नाही. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण मृत्यू दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं लागतात. एक भाऊ डोंबिवलीत, बहीण बडोद्यात, पुतण्या आखातात, अशा घरात खरा वेळ जातो तो इथे. काकांच्या जागी थेट खरेदीदाराचं नाव लावण्याचा शॉर्टकट सुचवला जातो. तो टाळलेला बरा. आधी गाडी एका वारसाच्या नावावर, मग विक्री. पायऱ्या दोन, पण दोन्ही भक्कम. (२०२१ पासून आरसीवर नॉमिनीचं नाव टाकता येतं. जिवंत मालकांनी ते करून ठेवलं तर पुढच्या पिढीचे हेलपाटे वाचतील.)

पत्त्याची तफावत दिसते भयंकर, असते किरकोळ. सावंतवाडीच्या किंवा कुडाळच्या जुन्या गाडीवर 'जि. रत्नागिरी' लिहिलेलं असेल तर ती बनवाबनवी नाही. सिंधुदुर्ग जिल्हा झालाच १ मे १९८१ रोजी. 'जि. कुलाबा' असेल तर तो आजचा रायगड. गोव्याच्या 'जीडी' ने सुरू होणाऱ्या पाटीची गोष्ट मात्र वेगळी. परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणायचं आणि इथे नवा नंबर घ्यायचा. ज्या कार्यालयाच्या रजिस्टरमध्ये पानच सापडत नाही, तिथून हा कागद मिळणं अवघड. म्हणून परराज्यातल्या गाडीचे पैसे हे प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय देऊ नयेत.

बँकेचा बोजा ही आणखी एक गंमत. कर्ज तीस वर्षांपूर्वी फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो आणि बँकच उरलेली नसते. साताऱ्याची युनायटेड वेस्टर्न बँक २००६ मध्ये आयडीबीआय बँकेत गेली, सांगली बँक २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत. जुनी बँक जिच्यात विलीन झाली तिच्याकडून कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ वर सही-शिक्का मिळवायचा. जुन्या कर्जाची पावती घरच्या ट्रंकेत सापडली तर काम फार हलकं होतं.

काही वेळा गाडीचं नावच जुळत नाही. घरात सगळे 'फियाट' म्हणतात, पुस्तकात 'प्रीमियर' असतं. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून आधी फियाट ११००, मग प्रेसिडेंट आणि नंतर पद्मिनी अशा नावांनी जवळपास तीच गाडी निघत राहिली. इथे नंबर जुळतात का ते पाहायचं, नावाने बिचकायचं नाही.

इंजिन बदललंय? आणि चेसिस?

पद्मिनी-अॅम्बेसेडरमध्ये पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवणं एकेकाळी सर्रास चालायचं. कायद्याचं कलम ५२ सांगतं की असा बदल नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीने करायचा आणि झालेला बदल १४ दिवसांत कळवून आरसीवर चढवून घ्यायचा. तो चढवलेला नसेल तर गाडीची तपासणी होते, नव्या इंजिनाचं बिल किंवा ते कुठून आलं याचा पुरावा मागितला जातो. भंगारातून आणलेल्या इंजिनाचा पुरावा नसतो. त्यामुळे काहीजण मूळ इंजिन शोधून परत बसवतात. खर्चिक आहे, पण मूळ इंजिन मिळालं तर कागदाच्या दृष्टीने तोच सरळ रस्ता.

चेसिस नंबरचं मात्र तसं नाही. तो गाडीच्या सांगाड्यावर ठोकलेला असतो आणि गाडीची ओळख तीच. संगणकात एखादा अंक चुकला असेल आणि जुन्या पुस्तकात बरोबर असेल, तर ती लिखाणातली चूक, दुरुस्त होते. पण जुन्या पुस्तकातला नंबर आणि लोखंडावरचा नंबर वेगळे असतील, नंबराभोवती वेल्डिंगच्या खुणा असतील, पट्टी घासलेली असेल, तर ती दोन गाड्यांची एक केलेली किंवा चोरीची गाडी असू शकते. कोकणातल्या खाऱ्या हवेत नंबर गंजून पुसट होतो हे खरं, पण पुसट होणं आणि वेगळा असणं यात फरक आहे. पहिल्यासाठी आरटीओची तपासणी आहे. दुसऱ्यासाठी सौद्यातून उठून जाणं हाच उपाय.

'विंटेज' करून घेतली तर सुटेल का?

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले, तेव्हापासून हा सल्ला खूप फिरतो. नियम असा की पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, ती दहा वर्षं चालते, फेरनोंदणीला ५ हजार. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नवा घेतला तर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं.

पण भारतात नोंद झालेल्या गाडीसाठी इथेही जुनं आरसी लागतंच. म्हणजे कागद नसलेल्या गाडीला पवित्र करून घेण्याची ही वाट नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे बदल असतील तर गाडी बाद. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कारणांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. कोल्हापूरच्या दसऱ्याला निघणाऱ्या राजघराण्याच्या मेबॅकसारख्या गाड्यांना ही चौकट शोभते. १९८६ च्या पद्मिनीला ती लागूच होत नाही. 'क्लासिक' हा शब्द क्लबांच्या आणि जाहिरातींच्या भाषेत आहे, या नियमांत नाही. १५ ते ५० वर्षांमधली प्रत्येक गाडी नोंदणीच्या लेखी नुसती जुनी गाडी.

आणि जुन्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारीसाठी हे शुल्क ५ हजारांवरून १० हजार झालं, परदेशी बनावटीच्या मोटारीसाठी ४० हजारांवरून ८० हजार. उशिरासाठी मोटारीला दरमहा ५०० रुपये जादा आहेत, वर पर्यावरण कर आणि विमा वेगळा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीचा हा हिशेब आरटीओतून आधी काढून घेतला, तर ठरलेल्या किमतीवर पुन्हा बोलावंसं वाटू शकतं.

नोंदणीकृत मालक सापडतच नसेल, त्याच्या पत्त्यावर पाठवलेली पत्रं परत येत असतील, तर उरतो दिवाणी न्यायालयातून मालकी जाहीर करून घेण्याचा मार्ग. साध्या पद्मिनीसाठी तो परवडत नाही.

टोकन देण्याआधी एक कागद आणि पेन्सिल घेऊन जावी. चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, आरटीओच्या फॉर्मवरही असाच ठसा लागतो. तो ठसा, जुनं आरसी बुक आणि परिवहनच्या संकेतस्थळावर दिसणारी माहिती शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहायचं. तिन्ही जुळले तर विक्री करारात दोन ओळी लिहून घ्यायच्या. नोंद दुरुस्ती, वारस आणि बोजा हे विकणाऱ्याने पूर्ण करायचं, आणि उरलेली रक्कम आरसीवर नवं नाव लागल्यावर द्यायची. विकणाऱ्यानेही गाडी अंगणातून हलवण्याआधी तारीख, वेळ आणि घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन पोच लिहून घ्यावी आणि फॉर्म २९ स्वतः जाऊन आरटीओत द्यावा.