आठशे ऐंशी रुपयांचा देश

माझ्या हाती सत्ता आली तर (येणार नाही, काळजी नसावी, बँकेतल्या कारकुनाच्या हाती फार तर शिक्का येतो) मी पासपोर्ट कचेरीत एक तोंडी परीक्षा सुरू करीन. उमेदवारापुढे दहा, वीस, पन्नास, शंभर, दोनशे आणि पाचशे अशा सहा नव्या नोटा पालथ्या मांडायच्या आणि विचारायचं, "यांच्यावर कसली चित्रं आहेत?" सहापैकी चार सांगता आली तर पहिला पेपर पास. दुसरा प्रश्न, "यातलं स्वतः जाऊन काय काय पाहिलंत?" दोन सांगितली तर जा बाबा सिंगापूरला, सुखानं जा. नाहीतर पासपोर्ट राहू दे आमच्या कपाटात. स्टँडवर एसटी उभी आहे. वेरूळपासून सुरुवात कर.

ही परीक्षा मी आमच्या शाखेत खाजगीरीत्या घेऊन पाहिली आहे. निकाल शिक्षणमंत्र्यांनाही लाज वाटेल असा लागला. लाल किल्ला सर्वांना येतो, कारण तो पंधरा ऑगस्टला टीव्हीवर दिसतो. बाकी सगळा अंधार. आमच्या कर्ज खात्याच्या साहेबांनी विसाच्या नोटेवरच्या कैलास लेण्याकडे चष्मा वरखाली करून पाहिलं आणि "साउथचं काहीतरी" असा निर्णय दिला. शंभराच्या नोटेवरची राणी की वाव त्यांना स्टेडियम वाटली. हे साहेब दोनदा दुबईला जाऊन आलेले आहेत. तिथल्या कुठल्या मॉलमध्ये कुठल्या मजल्यावर काय मिळतं, ते त्यांना झोपेतून उठवून विचारा. पण रोज ज्या नोटा थुंकी लावून मोजायच्या, त्यांच्या पाठीमागे काय आहे याची चौकशी नाही. बायकोशी वीस वर्षं संसार करून तिचं माहेर कुठलं हे ठाऊक नसावं, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा आधी उत्तरं सांगून टाकतो. दहाच्या नोटेवर ओडिशातल्या कोणार्कचं सूर्यमंदिर. त्याच्या जोत्यावर दगडी रथाची चोवीस चाकं आहेत. विसावर आपलं वेरूळ. अख्खा डोंगर वरून खाली कोरत आणलेला, म्हणजे कळस आधी, पाया मागाहून. पन्नासावर हंपीच्या विठ्ठल मंदिरातला दगडी रथ. शंभरावर गुजरातेत पाटणची राणी की वाव. ही अकराव्या शतकातली विहीर सात मजले जमिनीत उतरत जाते, आणि नदीच्या गाळाखाली शतकानुशतकं गाडली गेली होती. दोनशेवर सांचीचा स्तूप. पाचशेवर दिल्ली. मी बी.कॉम. असल्यामुळे बेरीज केल्याशिवाय राहवलं नाही. एकूण रुपये आठशे ऐंशी फक्त. एवढ्या पैशात हल्ली चौघांचं धड हॉटेलात जेवण होत नाही. इथे पाच राज्यं आणि वर दिल्ली येते.

आता मूळ भांडणाकडे येतो. "आपल्याकडे बघण्यासारखं आहे काय?" हे वाक्य ज्या दिवशी मी ऐकतो, त्या दिवशी माझी कॅश टॅली होत नाही. हे वाक्य म्हणणारा गृहस्थ बहुधा माथेरान, महाबळेश्वर आणि मेव्हणीच्या लग्नाला नागपूर एवढं पाहून थांबलेला असतो. खात्याचा उतारा न बघता "शिल्लक काही नाही" म्हणून मोकळा होणारा खातेदारच हा! अहो, आधी पासबुक तरी भरून घ्या!

आम्हा बँकवाल्यांना देश पाहायला रजा मिळते आणि भाडंही मिळतं. याला एलएफसी म्हणतात. सवलत देशातल्या प्रवासाची. पण माणसाची बुद्धी वाटेत वळणं शोधते. एका बँकेतल्या मंडळींचं प्रकरण तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. दिल्लीहून मदुराईला जायचं होतं. मदुराई झाली, आणि दिल्लीला परतायची वाट त्यांनी धरली ती कोलंबो, क्वालालंपूर, सिंगापूर, पुन्हा कोलंबो अशी! नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की करसवलत आहे ती भारतातल्या प्रवासापुरती, आणि तीही जवळच्या रस्त्यानं. मला निकालाचं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते मदुराईचं. मीनाक्षीचं एवढं मोठं मंदिर, आणि ते यांच्या लेखी सिंगापूरला जाताना लागणारं एक स्टेशन!

दुसरा वर्ग यापेक्षा बरा, पण रोग जुनाट. हे लोक देशातच फिरतात. मात्र महाराष्ट्र बरोबर घेऊन फिरतात. यांच्या सहलीच्या जाहिरातीत डोंगर, सरोवर वगैरे खाली बारीक अक्षरांत असतं आणि वर ठळक अक्षरांत असतं, "संपूर्ण महाराष्ट्रीय भोजन!" बरोबर आचारी, आचाऱ्याबरोबर पिठाची पोती. दल सरोवराच्या काठी बसून पिठलं-भात, जयपुरात साबुदाण्याची खिचडी, आणि रामेश्वराला समुद्राकडे पाठ करून अंताक्षरी. शरीर श्रीनगरात, जीभ सदाशिव पेठेत. परत आल्यावर सांगायला हकिकत एकच, "जेवणाची मुळीच आबाळ झाली नाही हो!" जेवणाची आबाळ टाळायला उत्तम जागा म्हणजे आपलं घर. तिथे राहायला आगाऊ पैसे भरावे लागत नाहीत.

वास्तविक प्रवासाची खरी मजा घर सुटण्यात आहे, आणि ती सर्वांत स्वस्त मिळते रेल्वेच्या स्लीपरच्या डब्यात. पुण्याहून संध्याकाळी चेन्नईकडे जाणारी गाडी पकडा. सोलापूरपर्यंत "पाणी" म्हटलं की पाणी मिळतं. पुढे वाडी, रायचूरला तेच "नीरु" होतं. गुंतकलला "नीळ्ळु". आरकोणम येईपर्यंत "तण्णी". एका दिवसरात्रीत पाण्यानं चार नावं बदलली, आणि तहान मात्र तीच राहिली! विमानानं जाणाऱ्याला यातलं काय कळणार? त्याला वरून सगळा देश एकसारखा तपकिरी दिसतो, आणि खाली उतरल्यावर पाण्याची बाटली इंग्रजीत मिळते.

शिवाय डब्यात शेजार असतो. मधला बर्थ किती वाजता उघडायचा, यावर चार राज्यांतली चार कुटुंबं एकही सामायिक भाषा नसताना जो तोडगा काढतात, तो आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत एका भाषेत निघत नाही. एकदा मदुराईच्या गाडीत समोरच्या आजीबाईंनी माझ्या हातातला बिस्किटांचा पुडा पाहिला, कपाळाला हात लावला आणि केळीच्या पानातला दहीभात माझ्यापुढे सरकवला. त्या तमिळमध्ये रागावत होत्या, मी मराठीत "नको, नको" म्हणत होतो. कोणत्याही आजीचं रागावणं भाषांतर न करता समजतं. मी मुकाट्यानं जेवलो. लिंबाचं लोणचं आमच्या आईच्या हातचं वाटत होतं.

मला आणखी एक खोड आहे. कुठल्याही गावाला गेलो की देऊळ पाहण्याआधी मी तिथल्या बँकेत डोकावतो. माझं म्हणणं असं की राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणं देण्यापेक्षा पुढाऱ्यांनी बँकांची पेनं दाखवावीत. होस्पेटला पाहा, पुरीला पाहा, पाटणला पाहा: पेन दोरीनं बांधलेलं, दोरी अर्धा वीत आखूड, आणि रिफिल संपलेली. काउंटरमागचा इसम मान वर न करता "पुढच्या खिडकीवर" म्हणतो, तेव्हा भाषा कळत नसूनही मला भरून येतं. वाटतं, हाही आपलाच!

पण आपलेपणाचा खरा धक्का बसला तो तंजावरला. बृहदीश्वराच्या देवळात मान मोडेस्तोवर शिखर पाहून झालं आणि सहज भिंतीशी गेलो, तर दगडावर चक्क मराठी! १८०३ सालचा, भोसले घराण्याची कुळकथा सांगणारा भलामोठा शिलालेख. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तिथे गेले आणि त्यांचं राज्य १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशे ऐंशी वर्षं टिकलं. सरफोजी राजांनी वाढवलेलं सरस्वती महाल ग्रंथालय आजही उभं आहे. अक्षर अक्षर लावत मी तो लेख वाचत होतो, आणि बाजूला एक तमिळ गृहस्थ माझ्याकडे कौतुकानं पाहत होते. त्यांच्या देवळातलं त्यांना न वाचता येणारं मला वाचता येत होतं. परदेशात माणूस पाहुणा असतो आणि घरी मालक असतो. पाहुणा आणि मालक एकाच वेळी होण्याची सोय फक्त स्वतःच्या देशात आहे, आणि तीसुद्धा तिकीट काढलं तर.

आमच्या पूर्वजांना ही अक्कल होती. संत नामदेव पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. त्यांना कुणी महाराष्ट्रीय भोजनाची हमी दिली होती असं ऐकिवात नाही. २०१५ साली आपलं साहित्य संमेलन त्याच घुमानला भरलं, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी प्रथम नकाशा काढला. वरसईचे विष्णुभट गोडसे घरचं कर्ज फिटावं म्हणून उत्तरेत गेले आणि नेमके १८५७ च्या धामधुमीत सापडले. हाती धड पैसा उरला नाही. पण त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक मराठीला कायमचं मिळालं. एलएफसीचं बिल यापेक्षा चांगलं कुणी सादर केलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक, पण घाण? पंडे? रिक्षावाले? आणि गोव्याच्या हॉटेलभाड्यात थायलंड होतं, त्याचं काय? सगळे आक्षेप मंजूर. काही वेळा परदेश खरोखरच स्वस्त पडतो, आणि काही स्टेशनांवरच्या स्वच्छतागृहात शिरायला परमवीरचक्र दिलं पाहिजे. पण नळ गळतो म्हणून आपण घर सोडून शेजाऱ्याकडे राहायला जात नाही. प्लंबरच्या मागे लागतो. देश घाण आहे म्हणणारे बरेच जण जाताना त्या घाणीत आपली भर टाकूनच विमानात बसतात. तेच गृहस्थ सिंगापूरला चॉकलेटचा कागद दिवसभर खिशात घेऊन हिंडतात. तो खिसा पँटबरोबर इकडेही येतोच की! ज्याला हंपी आपली वाटेल, तोच हंपीत कागद टाकणाऱ्याचा हात धरील.

आणि मुख्य मुद्दा मौजेपलीकडचा आहे. आमच्या काउंटरसमोर महिन्याच्या सुरुवातीला गावी पैसे पाठवणाऱ्यांची रांग लागते. बेगुसराय, गोंडा, गंजाम, मुर्शिदाबाद. हातावर सिमेंट, खिशात घडी केलेल्या नोटा. त्यांच्याशी बोललो तेव्हा कळलं: कुणी सुरतेला दोन वर्षं काढलेली, कुणी तिरुप्पूरला तीन, मग लुधियाना, मग पुणे. कामापुरतं तमिळ येतं, गुजराती येतं, आता मराठीही येतंय. देशाचा सर्वांत मोठा प्रवासी हा आहे, आणि तो जनरलच्या डब्यात उभ्यानं प्रवास करतो. आपण त्याला "भय्या" म्हणून एका शब्दात गुंडाळतो, आणि विंध्याच्या खालच्या सगळ्यांना "मद्रासी" म्हणून दुसऱ्या. २०२० च्या टाळेबंदीत हीच माणसं पोरं खांद्यावर घेऊन पायी निघाली, तेव्हा टीव्हीसमोर बसून आपल्याला पहिल्यांदा समजलं की गोंडा किती लांब आहे.

ज्या माणसाच्या गावचं पाणी आपण प्यायलो, त्याच्याविषयी वाटेल ते बोलताना जीभ थोडी अडखळते. आज रोज सकाळी मोबाइलवर कुणीतरी कुठल्यातरी प्रांताच्या, कुठल्यातरी धर्माच्या माणसांविषयी शेलकं काही पाठवतं, आणि चहाचा घोट घेता घेता आपण ते पुढे ढकलतो. ते ढकलणाऱ्यांतले किती जण त्या माणसांच्या शेजारच्या बर्थवर एक रात्र झोपले असतील? नोटेच्या मागे एक पट्टी असते, पंधरा भाषांत रक्कम लिहिलेली. एवढ्याशा कागदावर पंधरा भाषा एकमेकींना धक्का न लावता राहतात. त्यांना जागा कमी पडत नाही. जागा कमी पडते ती ज्याने कधी सरकून घेतलं नाही त्याला.

तेव्हा वाचकहो, परदेशी जरूर जा. माझं काही परकीय चलनाशी वैर नाही. पण आधी घरचं खातं बघा. रेल्वेचं आरक्षण हल्ली साठ दिवस आधी, सकाळी आठ वाजता उघडतं. कोणार्क घ्या, पाटण घ्या, नाहीतर डोळे मिटून नकाशावर बोट ठेवा. बायको "तिथे काय आहे?" विचारील, "तेच बघायला चाललोय" म्हणून सांगा. बरोबर आचारी नेऊ नका, पिठाची पोती नेऊ नका. घरून डबा घ्यायचाच असेल तर एका वेळचा घ्या, आणि तोही जरा जास्तच भरा. समोरच्या बर्थवर कुणीतरी असेलच.