शिक्षाकर्मींची जुनी सेवा मोजा

अविभाजित मध्य प्रदेशाच्या सरकारने 90 च्या दशकात शिक्षकभरतीचा भार पंचायतींवर टाकला आणि अल्प वेतनावर ‘शिक्षाकर्मी’ नेमले. विकेंद्रीकरणाच्या गोंडस नावाखाली साधले ते एवढेच, की शिक्षक सरकारी शाळेत शिकवी, परंतु सरकारी नोकर नव्हे! 2000 साली छत्तीसगड वेगळे झाले, रायपूर राजधानी झाली; शिक्षाकर्मींचा दर्जा मात्र तोच राहिला. अखेर नोव्हेंबर 2017 च्या संपाने राज्यभर शाळा बंद पाडल्या. निवडणूक तोंडावर आलेल्या रमणसिंग सरकारने 1 जुलै 2018 पासून त्यांना शालेय शिक्षण खात्यात सामावून घेतले, तेही आठ वर्षे सेवा झालेल्यांनाच. उरलेल्यांना 2020 ची वाट पाहावी लागली.

हा विजय लढ्याचाच आहे. परंतु ज्येष्ठता विलीनीकरणाच्या दिवसापासून धरायची, तर बस्तर-सरगुजाच्या शाळांत त्याआधी झिजवलेल्या वर्षांचे काय? शाळा तीच, मुले तीच, फळाही तोच. बदलला तो पगारपत्रकावरील शिक्का. (1975 साली सुरू झालेल्या अंगणवाड्यांच्या सेविकांना तर तोही मिळालेला नाही, त्यांच्या पदरी केवळ मानधन.) पदोन्नती आणि पेन्शन यांसाठी सेवेची गणना पहिल्या नेमणुकीपासून झालीच पाहिजे. ही मागणी एकट्या शिक्षकांवर न सोडता सर्व कामगार संघटनांनी आपली मानावी.