कामाचे वीस दिवस, सुट्टीचे आठ

हल्ली शिकलेल्या घरांत एक नवीच विचारणा येते. मुलाला किंवा मुलीला कंपनी सांगते, चार आठवडे परदेशात जा, तिथल्या एखाद्या संस्थेला तुझ्या कामातला सल्ला दे. वेगळा मोबदला नाही, पगार इथलाच चालू. आयबीएमने 2008 मध्ये अशी योजना सुरू केली आणि पुढे इतर कंपन्यांनीही ती वाट धरली. केनियाचे नाव निघाले की अम्मी-अब्बांना काळजी वाटते. धाकट्यांचा प्रश्न मात्र ठरलेला असतो : शनिवार-रविवारी सिंह बघायला मिळतील?

मिळतील, पण आधी हिशोब करू. चार आठवडे म्हणजे कामाचे वीस दिवस आणि सुट्टीचे आठ. पहिली सुट्टी शीण काढण्यात आणि गाव ओळखण्यात जाते, शेवटची अहवाल पुरा करण्यात. उरल्या दोन. नैरोबीला लागूनच राष्ट्रीय उद्यान आहे. भल्या सकाळी जाऊन जुहरपर्यंत परतता येते. मासाई मारा मात्र पाच-सहा तासांच्या रस्त्यावर, म्हणजे अख्खी सुट्टी तिथेच. तेव्हा एक सुट्टी जंगलाला द्यावी, आणि रविवारी संध्याकाळी मुक्कामी पोहोचावे. सोमवारी पेंगणारा सल्लागार कुणाच्या कामाचा? ते वीस दिवस ही अमानत आहे.

दोन गोष्टी निघण्याआधी कराव्यात. यलो फीवरची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. प्रमाणपत्र नसेल, तर भारतात परतल्यावर 6 दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते. आणि जुम्याच्या नमाजची वेळ यजमानांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवावी.

तिसरी गोष्ट आमच्या मते सर्वांत मोलाची. जाण्यापूर्वीची एक सुट्टी जुन्नर-आंबेगावला काढावी. बाहेरून आलेला शहाणपणा गावात काय करतो, हे तिथे शिकायला मिळते.

कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी या भागात पाणी आणले, पाण्यामागून ऊस आला आणि उसात बिबट्या राहू लागला. 2001 पासून गावाजवळचे बिबटे पकडून दूरच्या जंगलात सोडण्याचे काम जोरात सुरू झाले. उपाय कुणालाही पटेल असाच होता. पण 1993 ते 2001 या काळात माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले होत, ते पुढच्या दोन-तीन वर्षांत 17 वर गेले. डॉ. विद्या अत्रेय यांनी मोर्टन ओडेन व जॉन लिनेल हे नॉर्वेचे संशोधक आणि उल्हास कारंत यांच्यासह हा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध केला. पाहुण्या अभ्यासकांचे ज्ञान इथे उपयोगी पडले, कारण ते इथल्या नोंदी आणि इथली माणसे जाणणाऱ्यांच्या सोबतीने काम करत होते. परदेशी जाणाऱ्या मुलांनी एवढे लक्षात ठेवावे : पहिला आठवडा विचारण्याचा, सांगण्याचा नंतर.

प्राणी बघायचेच असतील, तर भीमाशंकरच्या अभयारण्यात सकाळी शांतपणे झाडांवर नजर ठेवावी, आपला राज्यप्राणी शेकरू तिथे दिसतो. उसाच्या रानात मात्र रात्री गाडीचे झोत टाकत बिबट्या शोधू नये. ऊसतोडणीत पिल्ले सापडली तर हात लावू नये, फोटोसाठी उचलू नये. वनखात्याची माणसे आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे डॉक्टर ती तपासून अंधार पडता पडता त्याच जागी ठेवतात, आणि बहुतेकदा आई येऊन घेऊन जाते.

ज्यांना शेतपंपाच्या विजेसाठी रात्री पाणी धरायला जावे लागते, त्यांच्यासाठी बिबट्या ही सहल नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आंबेगावशेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात महिन्याभरात तीन जीव गेले, त्यांत दोन लेकरे होती. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. अशा गावात हौसेने "बिबट्या दिसतो का हो?" विचारणारा पाहुणा कसा वाटत असेल, याचा मुलांसोबत विचार करावा.

वाचकहो, मासाई माराच्या सिंहांशेजारीही कुणाची तरी गुरे चरतात. आपल्या मुलाने सिंहाचे फोटो जरूर आणावेत. सोबत तिथले गुराखी रात्री आपली गुरे कशी राखतात, हेही विचारून यावे आणि घरी सगळ्यांना सांगावे.