'किती रिश्टर?' नंतर विचारा

१० जुलै २०२४ ला सकाळी हिंगोलीत ४.५ चा धक्का बसला. अशा वेळी ग्रुपवर पहिला मेसेज ठरलेला: 'किती रिश्टर?' पण तो आकडा भूगर्भात मोकळ्या झालेल्या ऊर्जेचा. तुमच्या गल्लीत काय होईल, हे त्यावरून कळत नाही. केंद्र किती लांब, किती खोल, पायाखाली खडक की काळी माती, यावर हादरा गावागणिक बदलतो.

आणि माणूस मरतो तो भिंतीखाली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत ६.२ च्या भूकंपाने हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, वर माळवदाचा भार. (किल्लारी तेव्हा नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं!) २०१० मध्ये न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चजवळ ७.१ चा झाला, तोही पहाटेच. घरं बहुतेक लाकडी सांगाड्याची. इमारत कोसळून एकही बळी गेला नाही.

अमेरिकेची 'पेजर' यंत्रणा हेच गणित अर्ध्या तासात मांडते: कुठे किती हादरलं, तिथे किती लोक, घरं कशाची. पण धाडच्या जुन्या वस्तीत धाब्याची घरं किती उरलीत, कुणी जुन्या भिंतीवरच मजला चढवलाय, हे तिला कुठून कळणार? तुम्ही ते मोजू शकता. पुढच्या एनएसएस शिबिरात एक गल्ली घ्या. भिंत कशाची, छत कशाचं, रात्री आत झोपतात किती, भिंतीचे दोन्ही थर बांधणारे आरपार दगड आहेत का, लिहून काढा आणि यादी ग्रामपंचायतीत द्या.