प्लेट आपल्या हातानं जोडू, लाईनची मागणीही सोडणार नाही



सातपुड्यातल्या आमच्या पाड्यांवर कुठंही जा. घराच्या कौलांवर सोलरची प्लेट दिसेल, खाली दिवा लागत नाही. बॅटरी बसली, नाहीतर उंदरानं वायर कुरतडली, नाहीतर कंट्रोलर जळाला. प्लेट बहुतेक वेळा चांगलीच असते. पण "डबा उघडला तर गॅरंटी गेली" असं सांगून ठेकेदार गेला तो गेला. रेशनवरचं रॉकेलही गेलं.

कागदावर मात्र सगळीकडं उजेड! 2017 च्या सौभाग्य योजनेत लाईन न पोचणाऱ्या घरांना 200 ते 300 वॅटचं सोलर, पाच दिवे, एक पंखा आणि 5 वर्षं दुरुस्ती असं लिहिलं होतं. सहाव्या वर्षी काय करायचं? आता छपरावरच्या सोलरला 78,000 रुपयांपर्यंत सबसिडी आहे, पण ज्याच्या घरी वीज कंपनीचं मीटर आहे त्यालाच. म्हणजे ज्याच्याकडं लाईट आहे त्यालाच आणखी लाईट.

म्हणून आमचं म्हणणं आहे की प्लेट जोडायला आणि दुरुस्त करायला आपणच शिकलं पाहिजे.

यात जादू काही नाही. आतले निळे-काळे तुकडे म्हणजे सेल. ते कारखान्यातूनच आणावे लागतात, ते आपल्याच्यानं बनत नाहीत. एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो. असे 36 सेल एकामागं एक जोडले की 18 व्होल्ट होतात, आणि त्यावर 12 व्होल्टची बॅटरी भरते. एका सेलची वरची बाजू दुसऱ्याच्या खालच्या बाजूला पट्टीनं सोल्डर करत जायचं. सेल पापडासारखा असतो, बोट जोरात पडलं की गेला. गोधडीला बारीक टाका घालणाऱ्या बायांचा हात इथं पुरुषांपेक्षा बरा चालेल. सोल्डरिंगची गन तापवायलाच लाईट लागते म्हणून हसू नका, बॅटरीवर चालणारी गन बाजारात मिळते. खरं काम पुढंच आहे: वर काच, कडेला चौकट, आणि कुठूनही ओल शिरता कामा नये. आपल्याकडचा पाऊस एक फट सोडत नाही. ओल शिरली की पट्ट्या गंजतात आणि प्लेट मरते.

40 वॅटची प्लेट चांगल्या उन्हात पाच तास भरली, तर तीन दिवे रात्री पाच तास चालतात आणि दोन मोबाईल भरतात. पोरांच्या अभ्यासाला आणि रात्री साप-विंचू दिसायला तेवढं पुरतं.

बाजारातली तयार प्लेट आता स्वस्त झाली आहे, घरी जोडलेली फार स्वस्त पडणार नाही, हे आम्हालाही कळतं. पण ज्यानं एक प्लेट स्वतः जोडली, त्याला कुठलाही सीलबंद डबा उघडायची भीती राहत नाही. ठेकेदाराला नेमकं तेच नको आहे.

"अडाण्यांना जमणार का?" असं विचारणाऱ्यांनी राजस्थानात डुंगरपूरला जाऊन यावं. तिथल्या आदिवासी बाया मुंबईच्या आयआयटीकडून शिकल्या, आधी सोलरचे दिवे जोडले, मग स्वतःच्या मालकीच्या कंपनीत प्लेटा बनवू लागल्या. आणि इतकं लांब तरी कशाला? आपल्या धडगाव तालुक्यातल्या बिलगावनं 2003 साली धबधब्यावर श्रमदानानं स्वतःची वीज उभी केली होती. ती बंद पडली ती गावाला चालवता आली नाही म्हणून नाही. 2006 साली सरदार सरोवराच्या पाण्यानं ती बुडवली.

आपलेच काही साथी म्हणतात, सोलर घेतलं की लाईनची मागणी मेली. भीती खोटी नाही. साहेब लोक एक प्लेट दाखवून गाव "विद्युतीकृत" लिहून टाकतात. म्हणून ठरावात स्पष्ट लिहा: प्लेट आमची, लाईनचा हक्क कायम. "जंगलातून खांब नेता येत नाही" असं कोणी सांगितलं तर 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) पुढं ठेवा. विजेच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जा, दोन्ही त्यात आहेत. जागा एक हेक्टरपेक्षा कमी, तोड हेक्टरी 75 झाडांच्या आत, आणि शिफारस ग्रामसभेची.

उलट कंपनीचं सोलर बघा. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. आमचे दावे वर्षानुवर्षं पडून, आणि तीच जमीन "पडीक" म्हणून कंपनीला दाखवायची, वीज शहराला पाठवायची, याला आम्ही सूर्याची शेती म्हणणार नाही. छपरावर प्लेट हवी, कसत्या जमिनीवर नको.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्यानं बंद पडलेल्या डब्यांची घरवार यादी आणावी. शिकायला पाड्यातून दोघं निवडा, त्यात एक बाई हवीच. जुन्या बॅटऱ्या भंगारवाल्याला लगेच देऊ नका, आधी मीटर लावून तपासू. पण बॅटरी घरी फोडू नका, आत तेजाब आणि शिसं आहे. ठराव तालुक्याला देताना पोच घेतल्याशिवाय कागद सोडू नका.