घरचें वैद्यक : उन्हानें भाजलेलीं मुलें

चैत्र सरत आला कीं चंद्रपूर व गडचिरोली या प्रांतीं ऊन हें घरांतील एक स्वतंत्र काळजीचें कारण होऊन बसतें. १९८२ सालापर्यंत हा सर्व मुलूख एकाच जिल्ह्यांत मोडत असे. पुढें जिल्हे दोन झाले, तरी उन्हाळा एकच राहिला. मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जाणें ही इकडे नवलाची गोष्ट नव्हे, आणि विदर्भांतील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षां उशिरा उघडतात त्या याच कारणानें. परंतु शाळेस सुटी असली म्हणून मुलें घरांत बसतात असें थोडेंच आहे! आंब्याखालीं, विहिरीपाशीं, नदीच्या वाळवंटांत त्यांचा दिवस जातो, आणि सायंकाळीं लाल झालेले खांदे व मान घेऊन तीं घरीं येतात. अशा वेळीं काय करावें व काय टाळावें, याचा विचार या अंकीं करावयाचा आहे.

प्रथम शब्दाचा घोळ सोडविला पाहिजे. आपल्या घरांतून ‘ऊन लागलें’ हा एकच शब्दप्रयोग तीन निरनिराळ्या विकारांस लावला जातो. घामाचीं छिद्रें बुजून बारीक पुरळ उठतें, तें घामोळें. उघडी कातडी लाल होऊन आग करूं लागते, तें उन्हानें भाजणें. आणि सर्व शरीराचेंच तापमान बेसुमार चढून मूल बरळूं लागतें किंवा निपचित पडतें, तो उष्माघात. पहिल्यास थंड पाणी व सुती कपडा पुरतो. दुसऱ्यास घरचे उपचार बहुधा पुरतात. तिसऱ्यांत मात्र घरगुती उपायांवर विसंबून घालविलेला प्रत्येक घटका जिवावर बेतणारा असतो. तिघांस एकच नांव दिल्यामुळें तिघांवर एकच उपाय केला जातो, आणि खरा धोका येथेंच आहे.

कातडी भाजते ती उन्हाच्या उष्णतेनें, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक तें काम सूर्यप्रकाशांतील अतिनील किरणांचें असतें. हे किरण डोळ्यांस दिसत नाहींत व त्यांचा चटकाही जाणवत नाहीं. म्हणून वारा गार असला किंवा मूल पाण्यांत डुंबत असलें, तरी कातडी भाजावयाची ती भाजतेच. पाण्याखालीं अर्धा मीटर खोलीवरसुद्धां पृष्ठभागावरील किरणांपैकीं सुमारें ४० टक्के पोहोंचतात, आणि कोरडी वाळू सुमारें १५ टक्के किरण परत फेकते. तेव्हां वैनगंगेच्या किंवा इरईच्या पात्रांत खेळणारें मूल वरून व खालून असें दोन्हीकडून भाजत असतें. शिवाय लाली लगेच दिसत नाहीं. ती तीन ते पांच तासांनीं उमटते व बारा ते चोवीस तासांत परमावधीस पोहोंचते. सांवळ्या वर्णानें कांहीं संरक्षण मिळतें हें खरें, पण तें पुरेसें नव्हे. फक्त लाली कमी दिसते, म्हणून अशा मुलाच्या तक्रारीकडे अधिकच लक्ष द्यावें.

आतां उपचारांकडे वळूं. आमच्या जुन्या घरांतून भाजल्यावर लगेच तूप लावण्याची चाल आहे, व तिला शास्त्राचा आधार आहे असें सांगितलें जातें. तो आधार नीट पाहिला पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत बाराव्या अध्यायीं दग्धाचे प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध असे चार प्रकार केले आहेत. सम्यग्दग्धावर चंदन, गेरू, गुळवेल इत्यादि द्रव्यें तुपांत कालवून लेप सांगितला आहे. आपल्या आजीबाईंचें तूप बहुधा येथूनच आलेलें असावें. केवळ रंग पालटून आग होणाऱ्या प्लुष्टावर तर सुश्रुताचार्य शेक सांगतात! हें येवढेंच वाचून कोणी उन्हानें लाल झालेल्या बाळास शेकूं लागला, तर अनर्थ ओढवावयाचा. परंतु त्याच अध्यायाच्या अखेरीस आचार्यांनीं उष्ण वारा व ऊन यांनीं भाजलेल्यांचा निराळा उल्लेख करून त्यांस सदैव शीत उपचारच करावा, असें स्पष्ट बजावलें आहे. आजचें वैद्यकही उन्हाच्या दाहावर तेंच सांगतें. विस्तवाच्या भाजण्यावर मात्र त्यास शेक मान्य नाहीं, तेथेंही तें वाहतें गार पाणीच सांगतें. अर्धवट वाचलेलें शास्त्र हें न वाचलेल्यापेक्षां घातक, याचें हें उत्तम उदाहरण होय.

उपचाराचा क्रम असा ठेवावा. मुलास तत्काळ सांवलींत आणावें. माठांतील पाण्यांत मऊ सुती फडकें भिजवून, हलकेंच पिळून, भाजलेल्या जागीं दहा ते वीस मिनिटें ठेवावें. असें दिवसांतून चार-पांच वेळां करावें. बर्फ लावूं नये. त्यानें दुखावलेल्या कातडीस आणखी इजा होते. अंग पुसतांना घासूं नये, टिपावें. त्यानंतर कोरफडीचा गर लावण्यास हरकत नाहीं. मात्र पान कापून कांहीं वेळ उभें धरावें, पिवळा चीक निथळूं द्यावा, धुवावें, व आंतील स्वच्छ गरच घ्यावा. तो चीक कातडीस झोंबतो. प्रथम हाताच्या आंतल्या अंगास थोडासा लावून पाहावा. सहाणेवर उगाळलेलें चंदन अभंग त्वचेवर पातळ लावावें व वाळून ताणूं लागण्यापूर्वीं धुऊन टाकावें. तुपाचा किंवा तेलाचा हात पहिल्या दिवशीं मुळींच लावूं नये, कारण स्निग्ध थर उष्णता कोंडून धरतो; दाह शमून कातडी कोरडी पडूं लागली म्हणजे खोबरेल लावावें. दांतांची पेस्ट, राख व हळद हीं लावूं नयेत. लिंबाचा रस तर विशेष वर्ज्य. तो अंगावर असतांना ऊन लागल्यास फोड येतात. आलेले फोड फोडूं नयेत. वेदना फार असल्यास पॅरासिटामॉल वैद्याच्या सल्ल्यानें वजनाप्रमाणें द्यावें. अ‍ॅस्पिरिन मुलांस कदापि देऊं नये.

पोटांतून पाणी, ताक, कैरीचें पन्हें हें थोडें थोडें देत राहावें. मूल मलूल असल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून केलेली जलसंजीवनी द्यावी. मीठ अंदाजानें टाकूं नये. सहा महिन्यांच्या आंतील अर्भकास मात्र आईचें दूधच वरचेवर पाजावें. अशा अर्भकाची कातडी उन्हानें लाल झाली, कोणत्याही मुलास मोठे फोड आले, ताप आला किंवा वांत्या होऊं लागल्या, तर त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

आणि मूल बरळत असेल, झटके येत असतील, हाक मारतां ओ देत नसेल, अंग तापून निघालें असेल, तर लेप, कांदा, पन्हें यांचा विचारही मनांत आणूं नये. खिशांतील कांद्यानें उष्माघात टळतो, हा समज निराधार आहे. कपडे सैल करावेत, सर्व अंगावर पाणी ओतावें, जोरानें वारा घालावा, आणि हें चालूं ठेवूनच रुग्णालय गांठावें. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बेशुद्ध मुलाच्या तोंडांत पाणी घालूं नये, तें श्वासनलिकेंत जातें.

प्रतिबंध मात्र सर्वांत सोपा. सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत मुलांस उघड्यावर सोडूं नये. बाहेर निघणें भागच असेल, तर पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा व मान-कान झांकणारा दुपट्टा द्यावा. हे नियम पाळणें आपणांस जमतें, कारण आपल्या डोक्यावर छप्पर आहे. चैत्रांत महाकालीच्या यात्रेस मराठवाड्यांतून हजारों भाविक लेंकरें कडेवर घेऊन चंद्रपुरास येतात; वैशाखांत तेंदूपानें तोडण्यास कुटुंबेंच्या कुटुंबें पहांटे रानांत शिरतात, व त्यांचीं मुलेंही सोबत असतात. त्यांस दहा ते चारचा नियम सांगणें म्हणजे उपासकऱ्यास पथ्य सांगण्यासारखें आहे. आपल्या ओसरीवरची सांवली, माठांतलें पाणी व एक जुना दुपट्टा हीं मात्र आपल्या हातचीं आहेत. दुपारच्या वेळीं दाराशीं असें मूल दिसलें, तर त्यास आधीं ओसरीवर बोलवावें, पाणी द्यावें, आणि ऊन उतरेपर्यंत जाऊं देऊं नये.